छत्री धरणारा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वैशालीलाही नाही – माझ्या बायकोला, जिला माझ्या घोरण्याच्या तिन्ही तऱ्हा पाठ आहेत. रेवाला, आमच्या मुलीला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरी चहाला येणार नाही. आणि आलातच, तर भिंतीकडे बघून हसणार नाही – एवढा भरवसा ठेवतो.

आधी एक सांगून टाकतो. मी सुखात आहे. पश्चात्तापानं झुरणारा माणूस हवा असेल तर तुम्ही चुकीचं दार वाजवलंत. सिंगापुरात हौगांगला स्वतःचा फ्लॅट आहे, खालच्या मार्केटात ताजी मासळी मिळते, आणि तुआसच्या ज्या शिपयार्डात मी ज्युनियर इंजिनिअर म्हणून आलो तिथे आता मला सर म्हणतात. पाहणीला निघालो आणि पाऊस आला, तर वर्क परमिटवरचा कुणी कामगार धावत येतो आणि माझ्या डोक्यावर छत्री धरतो – स्वतः भिजत. नको म्हणता येतं. मी म्हणत नाही. तुम्ही म्हणाला असतात का? जाऊ द्या. छत्रीचं पुढे येईलच.

आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. जुना, मोठा करून घेतलेला. फेटा बांधलेला भारदस्त माणूस खुर्चीत बसलाय, हातात चांदीच्या मुठीची काठी, डोक्यावर काळी छत्री. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे कोण? आणि चौदा वर्षं मी सांगत आलोय – आमचे आजोबा. गावचे इनामदार. आडनावही आमचं मोठं सोयीचं. सरदारांत सापडतं, हमालांतही सापडतं.

ते माझे आजोबा नाहीत. ते सरकार. अख्खं गाव त्यांना सरकारच म्हणायचं. शिवारातली चांगली जमीन त्यांची, आणि आजोबा त्यांचं कूळ – राबायचं आपण, अर्धं पीक त्यांच्या कोठारात. वर वेठ वेगळी. वेठ म्हणजे फुकटचं काम, ज्याला नाही म्हणायची सोय नाही. कुणी त्यांची लाकडं फोडायची, कुणी घोड्याचं बघायचं. आजोबा उंच होते, म्हणून त्यांच्या वाट्याला छत्री आली. सरकार बाहेर पडले की मागून छत्री धरून चालायचं, मग आपली पेरणी खोळंबली तरी बेहत्तर.

पुढे कुळकायदा आला. आजोबांच्या नावावर दोन एकर लागली. त्या दोन एकरांवर अण्णा, म्हणजे माझे वडील, शिकून तालुक्याला शाळामास्तर झाले, आणि मास्तरांचा मुलगा इथे आला. छाती फुगवून सांगावी अशीच गोष्ट आहे ना ही? मग मला काय धाड भरली होती?

आजोबांचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला. कुठल्याशा दसऱ्याला सरकारांनी फोटोवाला बोलावला. खुर्चीत सरकार, बाजूला छत्री धरून आजोबा. मी सिंगापूरला निघालो तेव्हा अण्णांनी तो ट्रंकेतून काढून दिला. म्हणाले, "मोठा करून लाव तिकडं. म्हातारा दिसू दे जगाला."

इथे आलो, आणि पहिल्याच गणपतीत आपली मंडळी भेटली. कुणाच्या घराण्यात देशमुखी, कुणाचे पणजोबा किल्लेदार. वैशाली शेजारीच उभी – डोंबिवलीची पोर, माझं गाव तिनं कधी पाहिलेलंच नाही. मला विचारलं, तुमचं काय? उचलली जीभ, लावली टाळ्याला – आमची इनामदारी, म्हटलं. फोटोपण आहे. मग ते फोटो बघायला येणार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फोटोच्या दुकानात गेलो. उभा माणूस काढून टाका, म्हणालो. दुकानदार एक चिनी म्हातारा. त्यानं कापून दाखवलं. माणूस गेला, पण हात राहिला – छत्रीची दांडी आणि तिच्यावरची चार बोटं, करंगळी वाकडी. हातही घालवता येईल, म्हणाला, पण मग छत्रीही जाईल. मी विचार केला. छत्रीशिवाय सरकार म्हणजे नुसता खुर्चीत बसलेला जाडा गृहस्थ. हात राहू द्या, म्हटलं.

इथपर्यंत तुम्ही हसलात तरी चालेल. मीही हसतो. एवढं तर मी एखाद्या मित्राला दोन पेग झाल्यावर सांगूनही टाकलं असतं. पण मग अण्णा आले.

आई गेल्यानंतरची गोष्ट. महिनाभर राहायला आले. दारातून आत शिरले, आणि हातातली पिशवी खाली न ठेवता फोटोसमोर उभे राहिले. मी एसीचा रिमोट शोधत होतो – समोरच होता तो. अण्णा म्हणाले, "फ्रेम चांगली आहे."

बस, तेवढंच. त्या रविवारी मरीन परेडहून मित्र आला, बायकोसकट. वहिनींनी अण्णांना विचारलं, हे तुमचे वडील ना? काय रुबाब! ज्या माणसानं हयातभर पोरांना खरं बोलायला शिकवलं, त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "रुबाब होता खरा."

आणि रेवा. तेव्हा नऊ वर्षांची. एका दुपारी स्टुलावर चढून तिनं आपला पंजा फोटोच्या काचेला लावला. "बाबा, सी! सेम फिंगर लाह!" तिची करंगळी वाकडी आहे. माझीही. "आजोबांची ऑल्सो!" म्हणत ती अण्णांकडे वळली. सोफ्यावर बसलेल्या अण्णांनी आपला हात हळूच वर्तमानपत्राखाली सरकवला – माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. तिनं विचारलं, "हू इज दिस, बाबा?"

मी म्हणालो, "कुणी नाही गं. घरचा गडी होता कुणीतरी."

हेच ते. अण्णांच्या समोर, त्यांच्या वडिलांना मी कुणी नाही म्हणालो. माझ्या तोंडून ते किती सहज आलं! सरकारांनीसुद्धा आजोबांना निदान नावानं हाक मारली असेल. अण्णांनी रात्री आमटी मागून घेतली आणि शिपयार्डात काम कसं चाललंय ते विचारलं.

आता अण्णाही नाहीत. त्यांचा फोटो सरकारांच्या शेजारी आहे. लोक म्हणतात, अगदी वडिलांवर गेलेत हो. मी हो म्हणतो.

पण अण्णा आले होते त्या महिन्यातली सर्वपित्री अमावास्या सांगायची राहिलीच. त्या दिवसांत खाली ब्लॉकपाशी आमचे चिनी शेजारी आपल्या पूर्वजांना जेवण मांडून गेले होते. अण्णांना त्याचं फार कौतुक वाटलं. "आपले कोण ते यांना माहीत आहे," म्हणाले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वैशालीनं स्वयंपाक मोठ्या हौसेनं केला. खीर, वडे, सगळं. पान वाढून फोटोसमोर ठेवलं, हार घातला आणि गंधाची वाटी अण्णांच्या हातात दिली. अण्णा चष्मा लावून पुढे झाले. सरकारांच्या कपाळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. हात उंच करून, टाचा उचलून, त्यांनी गंध लावलं ते वर, छत्रीच्या दांडीवर – त्या चार बोटांवर. एकेका बोटाला. करंगळीला दोनदा. मग कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले.

ते हात धुवायला गेल्यावर वैशाली हळूच म्हणाली, बिचाऱ्यांना दिसत नाही हो नीट, बघा कुठे लावलंय! पाहुणे येतील, पुसते.

फडकं मी ओलं करून आणून दिलं. तिनं बोटं पुसली आणि नवं गंध कपाळावर लावलं, अगदी मधोमध. अण्णा परत आले, त्यांनी फोटोकडे एकदा पाहिलं आणि पाटावर बसले. आम्ही जेवलो. खीर छान झाली होती. मी दोनदा घेतली.