अक्काच्या अंगणात लावलेली गाडी

मंडळी, परवा ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, जळगाव विमानतळावर गाडी आत ठेवावी की बाहेर. मी ऐटीत लिहिलं, बाहेर, ओळखीच्या अंगणात, फुकट. ते आज मागे घेतो.

विमानतळाजवळच्या गावात माझी थोरली मावशी राहते, आमची अक्का. नव्वद सालाच्या आसपास तिच्याकडेच राहून मी कॉलेज केलं. नोकरी लागल्यावर फिरकलो नाही. आठवण झाली ती थेट मुंबईचं विमान सुरू झाल्यावर. गेल्या आठवड्यात "सहज भेटायला आलो" म्हणालो, चहा घेतला आणि गाडी लावून मुंबईला गेलो.

आज परत आलो तर अक्का गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून. अंगणातल्या उन्हाच्या जागेवर माझी गाडी उभी होती, आणि पक्ष्यांनी ती खराब करू नये म्हणून तिच्यावर अक्काचं लुगडं घातलेलं होतं.

मला पाहून अक्का गच्चीवरूनच म्हणाली, "एखाद डाव बिगर गाडीना ये भाऊ. नुसता बसाले ये."

माझं वाचून कुणी नातेवाइकांच्या अंगणात गाडी लावली असेल, तर एवढं विचाराल का, की एरवी तिथे काय वाळत घालतात?