टोपस

तिनं झाडू माझ्या बुटांपाशी टाकला. म्हणाली, ‘‘तूच कर. तुमच्या घरचंच काम हाय की हे.’’

ती लातूरकडची, मी किनवटची. नौदलाच्या प्रशिक्षण तळावर ती आमच्या तुकडीची लीडर होती. इथं संडास घासायची ड्यूटी सगळ्या पोरींना फिरून येते. त्यात कमीपणा नाही. पण तिचा नंबर आला की झाडू माझ्याकडे यायचा.

आल्या आल्या आम्ही एकमेकींना बिलगलो होतो. एवढ्या लांब ‘हो’ला ‘हाव’ म्हणणारं कुणीतरी भेटलं होतं. माझ्या मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी तिनं बोटं चाटून खाल्ली. मग वर्दी मिळाली. छातीवर आडनावाची पट्टी लागली. केरळच्या, हरियाणाच्या पोरींना त्या पट्टीत नुसती अक्षरं दिसली. हिला जात दिसली. त्या दिवसापासून ती ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागली.

मी गप घासत राहिले. लीडरचं ऐकलं नाही तर शेरा बसतो, शेरे वाढले तर घरी पाठवतात. राग यायचा. तिचा कमी, माझाच जास्त.

एकदा इन्स्ट्रक्टरनं आम्हाला तळाचा इतिहास दाखवायला फोटोंच्या हॉलमध्ये नेलं. गोऱ्यांच्या काळातले खलाशी रांगेनं बसलेले, खाली प्रत्येकाचं नाव. मागं झाडू घेतलेली माणसं उभी. त्यांच्या खाली नावं नाहीत, सगळ्यांना मिळून एकच शब्द. टोपस. जहाजावरचे संडास साफ करायला ठरावीक जातींतली माणसं भरती करायचे, त्यांना टोपस म्हणायचे, असं इन्स्ट्रक्टरनं सांगितलं. आता ते पद बंद आहे. आता ज्याची ड्यूटी तोच घासतो.

ती माझ्या कानाशी लागली. ‘‘बघ, तुझा आजा.’’

माझ्या आज्यानं समुद्र कधी पाहिला नाही. पण मागच्या रांगेतला एक म्हातारा मान ताठ करून समोर बघत होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. माझी वाटली. पद कधीचंच बंद झालं होतं. मी ते माझ्या हातानं चालू ठेवलं होतं.

पुढच्या वेळी झाडू आला तेव्हा मी पायानं परत सरकवला.

‘‘नंबर तुझा हाय. मी न्हाई उचलणार.’’

‘‘लीडर कोन हाय हितं?’’

‘‘तू हायस. म्हणूनच घास.’’

तपासणीत संडास तसाच घाण सापडला. सगळ्या तुकडीला डोक्यावर रायफल धरून उन्हात पळवलं. पोरी माझ्याकडे रागानं बघत होत्या. तिनं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. माय फोनवर रडली. ‘‘आधी वर्दी पदरात पडू दे गं बाई. मग भांड.’’

मायचं भय मला कळतं. तरी झोप लागत नाही, बसवत नाही, सारखी येरझाऱ्या घालते आहे. उद्या मला ऑफिसरपुढे उभं करणार आहेत. मी सगळं सांगणार, फोटोपुढे लीडर काय बोलली तेसुद्धा. माझ्या नंबराला मी संडास आरशासारखा घासीन. तिच्या नंबराला तिनंच घासायचा. वर्दी राहो नाहीतर जावो.