फळ्यावर न लिहिलेली शिवी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. मुलाला सांगितली नाही. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. विषय निघाला की त्यातला गमतीचा भाग सांगायचो, लोक हसायचे, आणि जिथून पुढे हसण्यासारखं काही उरत नाही तिथे मी चहा मागवायचो. आता ऐंशीच्या जवळ आलो. गमतीचा भाग सांगतोच, पण आज थांबणार नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी डोंबिवली पूर्वेला एका क्लासमध्ये बोलायची इंग्रजी शिकवत होतो. भांड्यांच्या दुकानावरची लांबट खोली होती ती. खाली कुणी पातेलं वाजवून बघितलं की वर आमचं वाक्य अर्धं राहायचं. कॉल सेंटरचा तेव्हा पहिला जोर होता. कंपनीची गाडी घरी न्यायला येते हे ऐकून दिवा स्टेशनापासून शहाडपर्यंतची मुलं आमच्याकडे यायची. क्लासचा मालक तिशीतला, मला काका म्हणायचा. एक दिवस तो म्हणाला, "काका, पोरं पास होतात आणि पहिल्याच आठवड्यात नोकरी सोडून पळून येतात. तिकडचं गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालतं. यांना त्या कळत नाहीत, आणि कळल्या की रडतात. तुम्ही शिव्यांचा तास घ्या."

मी लाजल्यासारखं केलं, पण आतून खूश झालो. इंग्रजी शिव्या हा माझा खाजगी अभ्यास होता.

मी कल्याणला मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी आली ती ऑफिसात, साहेबाच्या तोंडून. साहेब चिडला की 'ब्लडी' म्हणायचा आणि त्याच्या पुढे जे म्हणायचा ते मी घरी येऊन शब्दकोशात शोधायचो. काही शब्द तिथे सापडायचे नाहीत. मग ते नुसतेच पाठ करायचे. एकदा गॅलरीत उभा राहून मी "यू बास्टर्ड, यू बास्टर्ड" असं दबक्या आवाजात घोटत होतो. आईनं आतून विचारलं, "काय रे पाठ करतोयस?"

"इंग्रजी."

"मग मोठ्यानं कर की. ऐकू दे जरा शेजारच्यांना."

तोच शब्द मराठीत निघाला असता तर तिनं मला रात्री जेवायला वाढलं नसतं. मोठेपणी शिकलेल्या शिवीचं हे असंच असतं. जिभेवर ठेवली तरी तिची चव लागत नाही. मराठी शिवीसाठी आपण लहानपणी मार खाल्लेला असतो. इंग्रजी शिवीसाठी कुणी कधी कानाखाली वाजवलेली नसते. त्यामुळे देणाऱ्याला ती हलकीच वाटते. किती लागली ते समोरच्याच्या चेहऱ्यावर बघावं लागतं.

तास रंगले. मी फळ्यावर शब्द लिहायचो आणि समजावून सांगायचो की हा मित्राला चालतो, हा रागातला, हा ऐकायचा पण आपण कधी उच्चारायचा नाही. सुरुवातीला मुली वहीत तोंड घालून बसायच्या. मग त्याही विचारायला लागल्या. दिव्याचा एक मुलगा होता, तोंडाळ, पण मनानं चांगला.

"सर, मी काल पिक्चरला गेलेलो. त्यात हा शब्द दर वाक्याला येत होता. म्हणजे याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही. राग आहे."

"पण हसतानाही म्हणत होते ना."

"हसताना राग नसतो."

"अर्थ नाही, राग नाही, मग आहे काय त्याच्यात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मीठ आहे रे. सगळ्यात टाकायचं." तो दिव्याचा मुलगा पुढे मुलाखतीला गेला, 'हाऊ आर यू'ला 'ब्लडी फाइन, सर' असं उत्तर देऊन आला आणि तरी निवडला गेला. इथपर्यंतची गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे.

शब्द शिकवून झाले की सराव असायचा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, कारण फोनवर माणूस दिसत नाही. दोघांच्या हातात बंद पडलेले टेलिफोन. एका खुर्चीत मी, अमेरिकेतलं गिऱ्हाईक, माझं वॉशिंग मशीन बिघडलेलं. दुसऱ्या खुर्चीत मुलगा किंवा मुलगी. मी वाटेल ते बोलायचं, समोरच्यानं आवाज न चढवता ठरलेली वाक्यं म्हणायची, आणि गिऱ्हाइकानं फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. बहुतेक मुलं हसायची. काही अडखळायची. एक-दोघी रडल्या तर मी त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा बसवलं. मला ते काम आवडत होतं. आयुष्यभर ज्याच्या आवाजाला घाबरलो तो साहेब मी रोज तासभर व्हायचो.

त्या तुकडीत ठाकुर्लीची एक मुलगी होती. विशीतली, कमी बोलणारी. तिचं घर बौद्ध. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळतं, आणि कळलं नाही असं दाखवणंही आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. अभ्यासात ती सगळ्यांच्या पुढे होती. त्या महिन्यात ठाण्याची एक कंपनी निवडीला येणार होती आणि तिचं नाव पहिलं पाठवायचं ठरलं होतं. मालक मला म्हणाला होता, "काका, हिचं काही जमलं नाही तर आपणच ठेवून घेऊ हिला. तुमच्यानंतर हीच शिकवेल." तो सहज बोलला होता. मला ते लागलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा मालक बाहेर गेला होता. मी सुरुवात केली. मूर्ख म्हणालो, गाढव म्हणालो, मग चढत चढत फळ्यावरचं सगळं वापरलं. ती प्रत्येक वेळी तेवढ्याच थंड आवाजात 'आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन, सर' म्हणत होती आणि मशीनचा नंबर विचारत होती. तिच्यावर एकही शब्द लागू पडत नव्हता. खरं तर हेच मला शिकवायचं होतं. मी हसून फोन ठेवायला हवा होता. पण मुलं तिच्याकडे कौतुकानं बघत होती, आणि माझ्याकडच्या शिव्या संपल्या होत्या.

तेव्हा मी म्हणालो, तुम्हा लोकांना सगळं कोट्यातून मिळतं, ही नोकरीही तशीच मिळेल असं वाटलं का. इंग्रजीतच म्हणालो, गिऱ्हाइकाच्या त्याच घोगऱ्या आवाजात. त्या वाक्यात एकही शिवी नव्हती. फळ्यावर लिहावा असा एकही शब्द नव्हता. पण अमेरिकेतल्या माणसाला आमचा कोटा कुठून माहीत असणार. तो माणूस केव्हाच उठून गेला होता. खुर्चीत मीच होतो.

खोलीत एक जण हसला. बाकीचे खाली बघायला लागले. माझी पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे मला फक्त त्यांचेच चेहरे दिसले. मागून तिचं ठरलेलं वाक्य आलं, पुरतं, शेवटच्या 'सर'सकट. मग ती गप्प राहिली. मला वाटलं रडत असेल. खरं म्हणजे मी फोन ठेवायची ती वाट बघत होती. मी ठेवत नव्हतो, कारण ठेवला की वळून बघावं लागलं असतं. शेवटी ठेवला. तिनं तिचा फोन नीट जागेवर ठेवला, पिशवी घेतली, "येते सर," म्हणाली आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही.

मालकानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तिला शिव्या सहन झाल्या नाहीत. हळवी आहे." खोलीतल्या मुलांना खरं माहीत होतं. कुणी बोललं नाही. त्यांचीही नावं मीच पाठवणार होतो. कंपनी आली, तिच्या जागी दुसऱ्या मुलीला बसवलं.

नंतर एका संध्याकाळी तिचे वडील क्लासवर आले. एका कारखान्यात नोकरीला होते, कामावरून तसेच आलेले. चपला जिन्यातच काढल्या.

"सर, पोरगी काही सांगत नाही. नुसतं म्हणते, ते काम नको. तिचं काही चुकलं का?"

मी त्यांना तेच सांगितलं. तिला शिव्या सहन होत नाहीत, या कामाला जरा जाड कातडी लागते.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्या दिवसापासून घरात दारू बंद आणि शिवी बंद. मीही तेच चालवलं. पोरांना कधी गाढवसुद्धा म्हटलं नाही. तीच चूक झाली म्हणायची. थोडी सवय लावायला पाहिजे होती."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जग तसं आहे, काय करणार." त्यांनी माझे आभार मानले. जाताना खाली वाकून चपला घालणारे ते गृहस्थ मला अजून दिसतात.

त्यानंतर मी फार दिवस शिकवलं नाही. घशाचं कारण सांगितलं. पण ते गिऱ्हाईक माझ्यात राहून गेलं. दुपारी घरात कुणी नसलं की मला माझाच घोगरा आवाज ऐकू येतो. शिव्या नसतात त्यात. नुसतं 'तुम्ही लोक' एवढंच असतं, कधी मराठीत, कधी इंग्रजीत. घर भरलेलं असलं तर जेवताना तोच आवाज मुलाच्या तोंडून, सुनेच्या तोंडून, पाहुण्यांच्या तोंडून येतो. मी ताटात बघत बसतो. गॅसचा किंवा इंटरनेटचा फोन करायची वेळ आली तर मी मुलाला सांगतो. पलीकडचं कुणी 'तुमची अडचण समजते, सर' म्हणालं की माझी वाचा जाते. एकदा असाच फोन कानाला धरून बसून राहिलो होतो. पलीकडची मुलगी 'सर, आर यू देअर, सर' म्हणत राहिली. तिलाही माझ्याआधी फोन ठेवता येत नसणार.

गेल्या वर्षी कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत डोळ्यांत थेंब घातलेला एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. मी रिसेप्शनच्या मुलीशी बोललो तसा तो म्हणाला, "सर ना तुम्ही? डोंबिवलीचे, क्लासचे?" माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं, ते तिचे वडील होते.

मुलगी बरी आहे म्हणाले. इथेच कल्याणला एका शाळेत शिकवते, तिला मुलगा आहे. मला हायसं वाटलं, तेवढ्यात ते हसून म्हणाले, "तुमचं ते जाड कातडीचं बोलणं मी लक्षात ठेवलं बघा. नातवाला आम्ही तसं नाही वाढवलं. टीव्हीवर काय वाटेल ते बोलतात, ऐकू देतो त्याला. मी स्वतः त्याला शिव्या देतो. आधी जीभच वळायची नाही. म्हातारपणी शिकलो. आमचे वडील असते तर घराबाहेर काढलं असतं मला."

"आणि मुलगी?"

"भांडायची आधी. म्हणायची, बाबा, हे आपल्या घरात नको. मी म्हटलं, अगं, तुझ्या सरांनीच सांगितलं होतं. मग काही बोलली नाही."

म्हणजे मी काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं. आणि खरं काय घडलं ते तिनं वडिलांना इतक्या वर्षांत कळू दिलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या कानावर पडू नये म्हणून तिनं हळवी ठरणं पत्करलं होतं.

मी म्हणालो, "अहो, ऐका, त्या वेळी..." आणि दार उघडून ती आली. वडिलांना न्यायला आली होती. केसांत एक पांढरी बट, खांद्याला शाळेची पिशवी. मला बघून तिचं पाऊल किंचित थांबलं.

"सर. कसे आहात?"

मी उठून उभा राहिलो. "तुमच्याशी बोलायचं होतं," म्हणालो. पूर्वी मी तिला अगंतुगं करायचो.

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, मान आमच्या दिशेनं करून हसत होते. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबांसमोर नको."

"मग कुठे?"

तिनं वाकून वडिलांच्या चपला सरळ केल्या, एक एक पाऊल धरून त्यात घातलं, आणि त्यांना कोपराला धरून उठवलं. ते म्हणाले, "सर, या कधी घरी." ती म्हणाली, "चला बाबा." मी दार उघडून धरलं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, मराठीतले, साधे: तुम्ही हळव्या नव्हता, त्या खोलीत तुमच्याइतकं खंबीर कुणी नव्हतं, मी खोटं बोललो, तुमच्या वडिलांचं काही चुकलं नव्हतं, मला क्षमा करा. ती दोघं माझ्या अगदी जवळून गेली, आणि मी दार धरून उभा होतो.