बर्फावर चालण्याचं ट्रेनिंग

"ही सही त्याचीच ना?" प्रोजेक्ट मॅनेजरनी कागद माझ्यापुढे सरकवला. गृहस्थ स्कॉटलंडचे, आवाज कधी चढवत नसत.

"त्याचीच."

"म्हणजे ट्रेनिंग मिळालं होतं, तरी घसरला. रिपोर्टमध्ये कारण लिहा, कामगाराचा निष्काळजीपणा."

निष्काळजीपणा लिहिला की माणसाचं कॉन्ट्रॅक्ट रद्द. आणि हा माणूस म्हणजे आमचा पाइप फिटर महादेव परब, सिंधुदुर्गातला, पंचेचाळिशीचा, उजवं मनगट मोडलेला. रिपोर्ट लिहायचा होता मी, सेफ्टी इंजिनियरनं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कुवेतमधल्या एका प्लांटचं शटडाउन चालू होतं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. सात आठवडे रोज बारा तास. मंगफच्या फ्लॅटवर जाऊन बूट न काढताच झोपायचो, इतका शिणलो होतो. कामाआधी रोज दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक द्यायचा, म्हणजे कामगारांशी सुरक्षेबद्दल बोलायचं आणि हजेरीवर सह्या घ्यायच्या. विषय हेड ऑफिसकडून फॅक्सनं येत. जानेवारीचा विषय आला, 'बर्फाळ फुटपाथवर कसं चालावं'.

मी हसलो. कुवेतमध्ये कसला बर्फ? फॅक्स ड्रॉवरमध्ये टाकला आणि चहाच्या सुट्टीत कोरी हजेरी फिरवली. बेचाळीस जणांनी सह्या केल्या. कोणी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

आता बर्फ आला कुठून ते सांगतो. पाइपांमधला गॅस काढून टाकायला नायट्रोजन लागतो. तो टाकीत द्रवरूपात असतो, भयंकर थंड. त्याचा वायू करणारं यंत्र म्हणजे व्हेपोरायझर, अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांचा उंच सांगाडा. बाहेरची हवा लागून आतला द्रव तापतो आणि हवेतलं बाष्प पट्ट्यांवर गोठतं. शटडाउनमध्ये ते यंत्र थांबतच नव्हतं. त्यात समुद्रावरून रोज पहाटे दमट धुकं यायचं. बर्फाचा थर पट्ट्यांवरून खाली उतरला आणि शेजारच्या काँक्रीटच्या पायवाटेवर पसरला. कामगार त्याच वाटेनं कामावर जात. परब हातात पाना घेऊन, लांब ढांगा टाकत, नेहमीसारखे निघाले होते.

मी हॉस्पिटलमध्ये गेलो. परबांचा हात प्लास्टरमध्ये होता. मॅनेजर काय म्हणाले ते मी सांगितलं.

"सायबानू, मी सांगतंय, तुम्ही शिकवलास, मीच इसारलंय. तुमची नोकरी कित्याक घालवतास?"

"आणि तुमची?"

"माझी तशीय गेलीच मा."

ते हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला. कारण लिहिलं, 'ट्रेनिंग दिलंच नव्हतं, सह्या खोट्या हजेरीवर घेतल्या. सेफ्टी इंजिनियर जबाबदार.' मॅनेजरनी तो दोनदा वाचला.

"आमच्याकडे लहान मुलांनाही बर्फावर चालता येतं," ते म्हणाले.

"परबांच्या गावी बर्फ माशांवर घालतात, सर. त्यावर कोणी चालत नाही."

"हे लिहून काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

मला वॉर्निंग लेटर मिळालं आणि शटडाउन संपताच साइटवरून ऑफिसात बदली झाली, फायली लावायला. परबांना टूल स्टोअरमध्ये बसवलं. कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं नाही, पण मनगट पूर्वीसारखं झालं नाही. मोठा पाना त्यांना पुन्हा धरता आला नाही.

साइट सुटण्याआधी मी तो टॉक दिला, त्या व्हेपोरायझरजवळच, हिंदीत आणि मराठीत. पावलं छोटी टाका, तळवा सपाट ठेवा, हात मोकळे ठेवा, वाट बदलता आली तर बदला. माणसं नीट ऐकत होती. मग सह्या घेतल्या. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.