सोळा माना

झिनाइदा अर्काद्येवनाने आयुष्यात एकच धडधडीत थाप मारली, आणि तीही ऐंशी ओलांडल्यावर.

‘कोळ्याची नवरी’ हा बॅले रशियातल्या पर्म शहराच्या रंगमंचावर अठ्ठावन्न वर्षं झाला नव्हता. तो पुन्हा उभा करायचा विडा रोदिओन नावाच्या तरुण दिग्दर्शकाने उचलला, तर नाच लिहून ठेवलेल्या जुन्या वहीतली दुसऱ्या अंकाची पानंच गायब. त्या अंकात नाचणाऱ्या सोळा जणींपैकी दोघीच उरलेल्या, झिना आणि तिची मैत्रीण कापा.

झिनाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांनी सगळा नाच दाखवला. नर्तकीचे गुडघे संपावर गेले की पायांचं काम बोटं करतात. शेवटी तिने मान डावीकडे, खाली वळवली.

"नवरी तर उजवीकडून येते," रोदिओन म्हणाला. "मग या पोरी वादकांकडे कशाला बघतात?"

"तसंच होतं," झिना शांतपणे म्हणाली.

"पटत नाही. तालमीत बघतो, नाहीतर काढून टाकीन."

कुठलं तसं होतं? सोळा जणींत बघायची ती एकटी झिना. रंगमंचापुढच्या खळग्यात वादक बसायचे, तिथे डावीकडे ग्लेब ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे तिकडची सनईच म्हणा. "तुझी मान काय उसनी आणलीय?" म्हणून मास्तरीणबाई रोज फैलावर घ्यायच्या. मान काही सुधारली नाही. पुढे ग्लेबशी लग्न झालं, चांगला संसार झाला. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, आणि त्याचं वाजवणं कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवलं नव्हतं. निदान ती नजर तरी राहावी, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी दुपारच्या खेळाला दोघी वरच्या सज्जात बसल्या.

"काढलं असेल गं त्याने," चॉकलेटचा कागद सोडवत कापा म्हणाली. "मनाची तयारी ठेव."

दुसऱ्या अंकात सोळा पोरी आल्या. झिनाची बोटं मांडीवर नाचू लागली. ओबो सुरू झाला आणि सोळाही माना एकदम डावीकडे, खाली वळल्या. कुणी हसलं नाही. ग्लेबच्या जागी लांब वेणीची एक मुलगी वाजवत होती. झिनाच्या डोळ्यांना धार लागली.

कापा तिच्या कानाशी वाकली. "सोळाच्या सोळा बघतायत गं. मी एकदाच बघितलं होतं त्याच्याकडे, तर आठवडाभर अबोला धरला होतास."

"आता बघू देत," झिना म्हणाली.