मामाजींची माशांची पेटी

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मामाजींनी माशांसाठी काचेची पेटी करायला घेतली. मामाजी म्हणजे माझे सासरे. आलापल्लीला जंगलखात्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. नवरा खात्यात नोकरीला, आणि मामाजी त्याच खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्याआधी डोळे दाखवायला ते नागपूरला गेले होते. डॉक्टरांच्या बसायच्या खोलीत त्यांनी तशी पेटी पाहिली आणि डॉक्टर डोळ्यांबद्दल काय बोलले ते साफ विसरून घरी परतले.

"मासोळी अशी समोरून येते आन् आपल्याले पाहते," ते मला सांगत होते. "माहा नंबर आला तरी मी उठलो नाई."

पेटी अर्थात सागाची. आलापल्लीत दुसरं लाकूड वापरलं असतं तर लोक हसले असते. सुताराने चौकट केली, चारी बाजूंनी काचा बसवल्या आणि फटींत खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी भरली. ती वाळायची होती, पण मामाजींना दम कुठला? शेजारच्या मासे धरणाऱ्या ढिवरीणबाईंनी नाल्यातल्या बोटाएवढ्या मासोळ्या आणून दिल्या आणि त्या ओसरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणात सोडल्या गेल्या.

"आता आपण प्यायचं काय?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं.

"माठ आहे ना सैपाकघरात. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

पेटीत पाणी भरलं. सकाळी उठून पाहतो तर पाणी तांबूस झालेलं आणि वर तेलाचा तवंग. सागाने आपला रंग सोडला होता. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या. "दूध टाकू का यात?" त्या म्हणाल्या. "चहा तं झालाच आहे."

मामाजींनी ते पाणी परसातल्या वांग्यांना घातलं आणि पेटी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा, जरा फिका. विहिरीवरून पाणी आणणारी मी आणि आत्याबाई. आमचे खांदे दुखत होते आणि वांगी माजली होती.

अशात माझे बाबा मला भेटायला चांद्याहून आले. माझ्या सासरी त्यांची ही पहिलीच खेप, आणि आजवर न येण्याला कारण होतं. लग्नात वरपक्षाची पंगत उशिरा बसली, त्यावरून मामाजी रुसले, त्यांच्या रुसण्यावरून बाबा रुसले. तेव्हापासून दोघे व्याही एकमेकांशी बोलत नव्हते.

बाबा मोटारीतून उतरले तेव्हा धुळीने भुवयांपर्यंत लाल झाले होते. मी पाय धुवायला पाणी आणायला वळले तेवढ्यात त्यांनी स्वतःच रांजणात लोटा बुडवला. बाबा कापडाचे दुकानदार, गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा चालत नसे. त्यांनी लोटा तोंडाशी नेला आणि थांबले. लोट्यातून एक मासोळी त्यांच्याकडे पाहत होती.

ते रागावले नाहीत. लोटा अलगद खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "बाई, इथी पाणी असंच पितेत का?"

मामाजी दारातच उभे होते, पण ते माझ्याकडे पाहून बोलले. "सूनबाई, तुह्या बाबाले सांग, ते पिण्याचं नोहे. माठ आत आहे."

"तुह्या मामाजीले सांग," बाबा म्हणाले, "समजलं मले."

संध्याकाळी जेवणं अशीच माझ्यामार्फत झाली. मी दोघांच्या मध्ये वाढत फिरत होते आणि भाजीबरोबर निरोपही वाढत होते. आत्याबाई पदराआड हसत होत्या.

सकाळी मामाजी पेटीसमोर उकिडवे बसले होते. पाणी अजून तांबूसच. बाबा दात घासत मागे येऊन उभे राहिले. मग बाबांना राहवलं नाही.

"लाकडाले आतून मेण लावा ना."

मी चमकून पाहिलं. ते माझ्याशी बोललेच नव्हते.

"काऊन?" मामाजी वळले नाहीत. "साग आहे, बाभूळ नाई. भिजू द्या, रंग आपोआप जाईन."

"जाईन, पण तोवर माही पोरगी विहिरीत जाईन पाणी ओढता ओढता."

यावर मामाजी वळले. मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं की गप्पा, मला अजून ठरवता येत नाही. मेण लावायचं की भिजवायचं यावर न्याहारी थंड झाली. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. पेटी पुन्हा पुन्हा भरून उपसली, पण आता पाणी ओढायला बाबा आणि मामाजी. मग ती उन्हात कोरडी केली. बाजारात मध विकायला येणाऱ्या माडिया माणसाकडून मेण आणलं, त्यात राळ घालून वितळवलं आणि लाकडावर आणि लांबीवर जाड हात फिरवला. "धरा ना तिकडून." "धरलं, तुम्ही ओता." माझी कुणालाच गरज उरली नव्हती.

नाल्यातली रेती आणून दोघांनी ती टोपल्यात इतकी धुतली की आत्याबाई म्हणाल्या, "तांदूळ कधी असे धुतले नाई यायनं." मग त्यांनाही हुरूप आला. दोघे तळ्यावरून पाणवनस्पती आणायला गेले असताना त्यांनी पेटी आतून कपड्याच्या साबणाने खसाखसा घासली आणि पाणी भरून ठेवलं.

दोघे परतले. पेटीत फेस होता.

"एवढी मेणकट पेटी," आत्याबाई समाधानाने म्हणाल्या, "मुक्या जीवाले ठेवणार होते तुम्ही त्यात."

मामाजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मामाजींकडे. साबणाने मासोळ्या मरतात हे आत्याबाईंना सांगायची दोघांचीही छाती झाली नाही. त्या देवदर्शनाला जाईपर्यंत दोघे ओसरीत शहाण्यासारखे बसून राहिले. त्या वळणाआड गेल्या मात्र, दोघांनी पेटी उचलून परसात नेली आणि साबणाचा वास जाईपर्यंत धुतली. वांग्यांना हे पाणी दिलं नाही.

पुन्हा पाणी भरलं, रेती आणि वनस्पती बसवल्या, आणि काही दिवस नुसतं पाहत राहायचं ठरलं. बाबांना खरं तर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी परतायचं होतं, पण ते काही बोलले नाहीत आणि कुणी विचारलं नाही. पाणी नितळ राहिलं. एका सकाळी काचेवरून मोहरीएवढी गोगलगाय चढताना दिसली; ती वनस्पतीबरोबरच आली असावी.

"जिवंत आहे," मामाजी म्हणाले.

"चालून राह्यली," बाबा म्हणाले.

तरी आधी एकच मासोळी सोडली. ती तळाला जाऊन गप्प बसली. दोघांनी पेटीसमोर चटई टाकली आणि जेवण तिथेच मागवलं. दुपार कलली तशी मासोळी वर आली, काचेशी थांबली आणि बाबांकडे तोंड करून कल्ले हलवू लागली. मामाजींचा चेहरा जरा उतरला.

"पाहुण्याले पाहते आधी," बाबा त्यांना समजावत म्हणाले.

मग बाकीच्या सोडल्या. रांजण राखेने घासून आत्याबाईंनी त्यात ताजं पाणी भरलं, आणि बाबा निघाले तेव्हा मामाजी मोटारीपर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेले.

मासोळ्या पुढे आमच्या बदलीपर्यंत टिकल्या. सिरोंच्याला एवढी पेटी नेणं शक्य नव्हतं. मामाजी ती कुणाला द्यावी याचा विचार करत होते. आत्याबाईंनी तेवढ्यात मासोळ्या कळशीत काढल्या आणि भर उन्हात तळ्यापर्यंत चालत जाऊन स्वतः सोडून आल्या. घरी आल्यावर त्यांनी रिकाम्या पेटीची काच पदराने पुसून ठेवली.