लांडग्याच्या पिंजऱ्यासमोरची पाटी

हायवेवर भिंती रंगवणाऱ्याला एक खोड जडते. अक्षर मोठं आणि उंच काढायचं, म्हणजे धावत्या एस्टीतूनही वाचता येतं. भांडगावच्या आसपास पंपाच्या, बियाण्यांच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं अशाच रंगवल्या. त्याच खोडीनं एका लहानशा प्राणिसंग्रहालयातली लांडग्याची पाटीही डोक्याच्या वर ठोकली. दात विचकलेला लांडगा, आणि खाली तिथल्या साहेबांनी दिलेला मजकूर: आढळ, आहार, आयुर्मान. मला वाटलं, काम फक्कड झालं.

दुसऱ्या दिवशी तासभर समोरच्या बाकावर बसलो. एकानंही मान वर केली नाही. झोपलेला लांडगा बघून लोक "कुत्रंच की हे" म्हणत आणि माकडांकडे पळत. साहेब म्हणाले, "आठ दिवस देतो. लोक थांबले तर बाकीच्या पाट्याही तुमच्याच. नाहीतर फ्लेक्सवाला तयार आहे." फ्लेक्स तेव्हा नुकताच आला होता आणि आमच्यातल्या दोघांनी ब्रश ठेवूनही दिले होते.

रविवारी वडिलांना, आबांना, घेऊन गेलो. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. शेताला पाणी आलं तसा त्यांनी कळप विकला. त्यानंतर घरात मेंढरांचा विषय निघाला की ते उठून जात. वाचता येत नव्हतं, पण चित्र बघून फाडकन म्हणाले, "ह्यो दात काढून कवा हिंडतो रं? दात दाखवतंय ते कुत्रं. ह्यो गुमान येतो, मुंडी खाली घालून."

शेजारच्या एका बाईनं विचारलं, "आबा, मग मेंढरू कुठलं उचलतो?"

"तुमीच सांगा की."

कुणी म्हणालं कोकरू, कुणी म्हणालं लठ्ठ मेंढा. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. मी चाटच पडलो. माझ्या एवढ्या मोठ्या अक्षरांना जमलं नाही ते म्हाताऱ्यानं एका प्रश्नात केलं होतं.

घरी येऊन नवा पत्रा घेतला. मजकूर सगळा उडवला. माळावर कळप काढला, बाभळीआड मुंडी खाली घातलेला लांडगा, आणि एकच ओळ: 'हा कोणतं मेंढरू नेईल?' उत्तर एका पत्र्याच्या झाकणाखाली, पोरांचाही हात पोचेल इतकं खाली. आबा बाजेवर बसून एकेक मेंढरू सांगत होते, कुणाचा कान फाटका, कुणाच्या कपाळावर चांद. इतक्या वर्षांनी ते बोलत होते याचा मला इतका आनंद झाला, की मी उगाच जास्त मेंढरं काढत बसलो. शेवटी म्हणाले, "एक लंगडी काढ. लांब, मागं. त्यो तिलाच नेतो."

पाटी लागली. लोक थांबले, वाकले, आपापसांत भांडले, झाकण उघडून हसले. बाकीचं काम मला मिळालं. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

गर्दी पांगल्यावर आबांनी झाकण उचललं. खाली ती लंगडी. बराच वेळ त्यांनी झाकण सोडलं नाही.

"आपलीच व्हती ही," ते म्हणाले. "दिस मावळत व्हता, कळप मुक्कामाला न्यायचा व्हता. मागनं हिचं वरडणं ऐकू येत व्हतं, आन् म्या तसाच म्होरं गेलो. समदे म्हनले लांडग्यानं नेली. म्या बी त्येच सांगितलं."

निघताना आबा म्हणाले, "पुन्हा रंग लावशील तवा हिला कळपात घे."

मी हो म्हणालो. पण लोक त्या पाटीवर खूश होते, साहेब खूश होते, आणि लंगडी कळपात गेली तर प्रश्नच उरत नव्हता. आज करू, उद्या करू म्हणत ते राहून गेलं.

काही वर्षांनी तिथंही फ्लेक्स आले. मी तो पत्रा मागून घरी आणला. झाकणाची कड हात लागून लागून पांढरी पडली होती. अंगणात बसून मागची लंगडी पुसली आणि कळपाच्या मधोमध, चांदवालीला खेटून काढली. बाज रिकामी होती. आबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.